चार नंबरचा कावळा

नगरपालिकेनं कावळ्यांना कायम नोकरीत घेतल्यापासून तळेघाटला पिंडाला कावळा शिवायला नऊ सेकंद लागतात.

पूर्वी तास-तास जायचे. माणसं उन्हात ताटकळायची, पिंडाकडे पाठ करायची, पुन्हा चोरून वळून बघायची. गेलेल्याचं मन कशात अडकलंय याचे अंदाज चालायचे. कुणी म्हणायचं, धाकटीचं शिक्षण पुरं करू. कुणी म्हणायचं, म्हैस विकणार नाही. दोन भाऊ वीस वर्षांनी एकमेकांशी बोलायचे, तेवढ्यात कावळा शिवायचा आणि सगळ्यांना कळायचं, अच्छा, हे होतं होय! अगदीच नाही आला तर दर्भाचा कावळा करून लावायचे आणि मान खाली घालून घरी जायचे. या पद्धतीत सकाळभरात जेमतेम तीन दहावे उरकत. आता बावीस उरकतात. सहा कावळे आहेत, पायांत नंबरची कडी आहेत, पाळ्या लागलेल्या आहेत. मोबाइलवर वेळ घ्यायची. ‘आपला कावळा निघाला आहे’ असा मेसेज येतो, आणि काम झालं की कावळ्याला पाचपैकी किती तारे द्याल असं विचारतात. लोक पाचच देतात. वाईट वाटून घ्यायला वेळ कुणाला असतो?

ऋजुता कानडेनं अजून वेळ घेतली नव्हती. नानांना, म्हणजे तिच्या वडिलांना, जाऊन सात दिवस झाले होते. ती नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, पक्षी विभागात, अर्ज दोन्ही हातांनी धरून उभी होती. कुणीतरी मागे खुर्ची सरकवली तर ती केवढ्यानं दचकली.

“विषय?” टेबलामागच्या गुंजाळबाईंनी विचारलं.

“मला उशिरा शिवणारा कावळा हवाय.”

“उशीर झाला म्हणून तक्रार आहे?”

“नाही मॅडम. उशीर व्हावा अशी विनंती आहे.”

गुंजाळबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “अगं, नवाचे सात करा म्हणून भांडायला येतात लोक इथं. तुझं काय भलतंच?”

ऋजुताला सांगावंच लागलं. नानांना एक वाक्य पुरं करायला फार वेळ लागायचा. ‘काय सांगत होतो,’ अशी सुरुवात करायची, मग उठून नळ घट्ट करायचा, खिडकीपाशी जाऊन यायचं, आणि मग उरलेलं अर्धं. घरात दोघंच, त्यामुळे तिला सवय होती. दवाखान्यात मात्र भेटीला चार मिनिटं मिळत. दारावरचा आकडा उलटा सरकत असे. शेवटच्या भेटीत नाना म्हणाले, “रुजू, एक राहिलंच बघ सांगायचं,” आणि नेहमीसारखे छताकडे बघत राहिले. ती थांबली. आकडा शून्यावर आला, दार आपोआप उघडलं, बाहेरचे पुढचे नातेवाईक आत आले. दुसऱ्या दिवशी पहाटे फोन.

“काय राहिलं होतं, ते मला शोधायचंय,” ऋजुता म्हणाली. “एकेक विचारून बघेन. ज्यावर शिवेल ते. पण नऊ सेकंदांत किती विचारणार?”

“एक,” गुंजाळबाई म्हणाल्या. मग जरा विचार करून, “भराभर बोललीस तर दोन.”

बराच वेळ त्यांनी अर्ज खालीवर केला. शेवटी पेनानं मागच्या फायलींच्या कपाटाकडे बोट दाखवल्यासारखं केलं. कपाटावर एक कावळा बसला होता. जरा विस्कटलेला, मान कलती.

“चार नंबर. चौकशी चालू आहे त्याची. तोवर कार्यालयात हजेरी.”

“काय केलं त्यानं?”

“काहीच केलं नाही, हीच तर तक्रार. श्रावणात एका पिंडापुढे दोन तास नुसता बसून राहिला. ऐकत होता म्हणे. त्या दिवशीचे चौदा दहावे खोळंबले. नोटीस दिली, तिला उत्तर नाही.” गुंजाळबाईंनी कपाटाकडे न बघता आवाज खाली आणला. “स्वभावानं चांगला आहे. पण कामाचा नाही.”

“मला तोच द्या.”

“हमीपत्र लिहून द्यावं लागेल. कावळा न शिवल्यास नगरपालिका जबाबदार नाही.”

ऋजुतानं लिहून दिलं. सही वेडीवाकडी आली, म्हणून गुंजाळबाईंनी खाली आणखी एक सही घेतली.

दहाव्याला घाटावर ती, टोकेकर गुरुजी, आणि फोनच्या पडद्यावर बडोद्याची शकूआत्या एवढीच मंडळी होती. गुरुजींनी पिंड मांडला. शेजारी नानांना आवडायची म्हणून ऋजुतानं खारी ठेवली. साडेनऊला चार नंबर आला, समोरच्या दगडी कठड्यावर बसला, आणि बसूनच राहिला. डाव्या अंगाला एक कुटुंब आलं, नऊ सेकंदांत मोकळं झालं, तारे देत देत पायऱ्या चढून गेलं.

“भाऊ, रुजूचं लग्न मी लावते,” शकूआत्या पडद्यातून मोठ्यानं म्हणाली. “काळजी करू नकोस.”

कावळ्यानं चोच कठड्याला घासली.

“बघ, त्यालासुद्धा पटत नाही. इतकी स्थळं आणली मी, एकाला तरी धड भेटली का ही? माणूस दिसला की घाबरते.”

“आत्या, इथं नको ना.”

“मग कुठं? आता कुठं भेटणार तुझा बाप?” आत्या थोडी रडली. मग तिच्याकडचा कुकर झाला, आणि ती नंतर लावते म्हणाली.

गुरुजी घड्याळ बघत होते. “ताई, मला पलीकडे दहाचं आहे. दर्भाचा लावून देऊ का? चालतो.”

“तुम्ही जा गुरुजी. मी थांबते.”

गुरुजींनी हात जोडले, आधी पिंडाला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, कावळ्यालाही.

ऋजुतानं यादी काढली. सत्तेचाळीस नोंदी होत्या. संख्याशास्त्र शिकलेली होती, त्यामुळे शक्यतेप्रमाणे उतरत्या क्रमानं लावल्या होत्या. नाना, मी एमएस्सी पुरी करीन. घर विकणार नाही. आईचे फोटो वाळवीतून काढीन. जोश्यांची शिडी परत देईन. दातांच्या डॉक्टरकडे जाईन. तुम्ही फोनवर लांबलचक निरोप पाठवायचात ते मी दुप्पट वेगानं ऐकायचे, नाना. आता नीट ऐकीन. हे बोलल्यावर तिला वाटलं, हेच असणार. कावळा तिच्याकडे बघत होता. हलला नाही.

अकरापर्यंत यादी संपली. ती पायरीवर बसली. ऊन गुडघ्यांवर आलं होतं. उठून जावं तर घरी काय होतं? मग ती उगाच बोलू लागली, वचन वगैरे काही नाही, नुसतंच. दूधवाल्याचं सांगितलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर ओढतं आणि मला वाटतं आपल्याच दारावर आहे, म्हणाली. कावळा ऐकत होता. मधे ती गप्प झाली तर तोही गप्प राहिला. इतकं कुणी गप्प राहून तिचं ऐकल्याला किती दिवस झाले होते, ते तिलाच आठवेना.

“परवा गॅसवाला आला होता,” ती म्हणाली. “वडील कुठंयत, विचारत होता. मी म्हटलं, आत झोपलेत.”

कावळा कठड्यावरून खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि त्यानं मान खाली घातली.

ऋजुता दचकली. आणि दचकून तिनं पुढे होऊन दोन्ही तळव्यांनी पिंड झाकला.

कावळा थांबला. तिच्या बोटांकडे त्यानं एकदा या डोळ्यानं पाहिलं, एकदा त्या. मग मागे सरकून बसला.

बारा वाजता गुंजाळबाई वही घेऊन आल्या. “काय, शिवला?”

“नाही.”

“तो येत होता का?”

ऋजुता खोटं बोलणार होती, पण हात अजून पिंडावरच होते. “येत होता. मीच झाकला.”

“का गं? कळलं असतं ना तुला.”

“कळलं असतं,” ऋजुता म्हणाली. “मग तो उडून गेला असता.”

गुंजाळबाई शेजारच्या पायरीवर टेकल्या. वहीत असा रकाना नव्हता. होय आणि नाही, असे दोनच होते. त्यांनी दोन्हींच्या मधल्या रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं, ‘अर्जदाराचे बोलणे चालू आहे’, आणि पुढची तारीख दिली.

नगरपालिकेच्या नियमाप्रमाणे दहावा पुरा होईतो नावापुढचा शेरा बदलत नाही, त्यामुळे नाना दप्तरी अजून ‘वाटेत’ आहेत. शकूआत्या यावर फार चिडते. चार नंबरची चौकशी बंद करून त्याला या एकाच कामावर ठेवायचं ठरलं, कारण दरम्यान असे आणखी अर्ज येऊ लागले. आता त्याची वेळ मार्चपर्यंत भरलेली आहे. ऋजुताकडे मंगळवार आहे.

ती साडेनऊला ताजा पिंड घेऊन येते. तो बहुधा आधीच कठड्यावर असतो. ती पदर नसतानाही पदर सारखा केल्यासारखी ओढणी नीट करते, पायरीवर बसते, आणि एक हात पिंडावर ठेवून म्हणते,

“तर काय सांगत होते...”

मग ती बराच वेळ नदीकडे बघत राहते. कावळा थांबतो.