रोज एक तास नुसता विचार!

"आजपासून आपण खोकी विकायची नाहीत. डोकं विकायचं!"

दादांनी टेबलावर अशी मूठ आपटली की चहाचे कपसुद्धा दचकले. दादा म्हणजे पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे मालक. आदल्या दिवशी ते कुठल्याशा व्याख्यानाला गेले आणि तिथे त्यांना कळलं, की हल्ली खरं भांडवल म्हणजे ज्ञान आणि कल्पना. यंत्रं काय, कोणीही विकत घेतं! तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"रोज सकाळी एक तास नुसता विचार! फोन बंद, दिवे बंद, चपला बाहेर. अगदीच अडलं तर कुजबुजायचं!"

"पण दादा, आज बिस्किटवाले शेठ येणार आहेत," अकाउंटंट काका चाचरत म्हणाले. शेठ सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते तुटले तर निम्मा कारखाना बंद!

"येऊ देत की! बिस्किटं न मोडणारं खोकं आज शोधून काढतोच!" म्हणत दादा केबिनमधल्या सोफ्यावर आडवे झाले. पडल्यावर डोकं जास्त चालतं, अशी त्यांची ठाम समजूत.

शेठ आले तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आत अंधार आणि सगळा स्टाफ माना खाली घालून जमिनीवर बसलेला! त्यात डिझायनर ताईंना सर्दी. त्या रुमालात नाक खुपसून सूं-सूं करत होत्या. शेठनी चपला काढून हात जोडले.

"केव्हा?" त्यांनी काकांच्या कानात विचारलं.

"आत्ता सकाळीच," काका कुजबुजले.

"असं अचानक?"

"कालपर्यंत कुणाला कल्पनाही नव्हती हो!"

"आणि दादा?"

"आत आहेत. आडवे. कुणी हात लावायचा नाही म्हणालेत."

'डॉक्टरच म्हणाले असणार,' असं समजून शेठ डोळे पुसत बाहेर गेले आणि त्यांनी दादांच्या घरी फोन लावला.

"काय बोलताय!" वहिनी किंचाळल्या. "आत्ता तर दोनदा नाश्ता करून गेले!"

पाचच मिनिटांत वहिनी हंबरडा फोडत हजर! त्यांच्या मागोमाग शेठही आत आले. त्यांना बघून स्टाफही रडायला लागला. कशासाठी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मालकीणबाई रडताहेत म्हटल्यावर मागे कसं राहायचं?

एवढ्यात केबिनचं दार धाडकन उघडलं.

"सुचलं! सुचलं!" केस पिंजारलेले दादा नाचत बाहेर आले.

शेठ "बाप रे!" म्हणत भिंतीला टेकून घसरत खाली बसले. वहिनींनी दादांना आधी मिठी मारली, मग गदागदा हलवलं. एवढं हलवलं, की शेठनी पाणी पिऊन "काय सुचलं?" म्हणून विचारलं तेव्हा दादांनी नुसतं डोकं खाजवलं.

"आत्ता होतं हो इथेच!"

शेठ हताशपणे म्हणाले, "खरं तर मी तुमची ऑर्डर बंद करायला आलो होतो. पण मघाशी फोनवर वहिनींना शब्द देऊन बसलो. म्हटलं, दादा गेले तरी खोकी इथूनच घेईन. आता हे तर चांगले उभे आहेत! मग काय करायचं?"

दादा काही बोलणार तोच वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि त्यांना केबिनकडे ढकललं.

"तुम्ही आत जाऊन पडा बघू!"