चंदानं नाकारलेलं इंधन

अक्कांनी पोत्यातल्या मूठभर कांड्या फाटकाशी उभ्या असलेल्या चंदापुढे धरल्या. चंदानं त्या हुंगल्या आणि तोंड फिरवलं. खरं म्हणजे एका मोठ्या प्रकल्पाचा निकाल तिथेच लागला होता, पण उज्जैनच्या माधव नगरातल्या त्या घरात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

चंदा ही गल्लीतली गाय. तिला घास दिल्याशिवाय अक्का चहा घेत नसत. पोर्चमध्ये दोन पोती दिसली, पोत्यांवर गाईचं चित्र होतं, आत करंगळीएवढ्या तपकिरी कांड्या होत्या. देवास गेटच्या बद्रीलालला सांगितलेला बांटा, म्हणजे गाईचं खाद्य, घरपोच आला असं अक्कांनी धरून चालणं काही चुकीचं नव्हतं. चूक होती ती त्यांच्या भाच्याच्या तत्त्वांची.

या भाच्यानं, यशोधननं, पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून लहान शेतकऱ्यांचं भलं करायला घेतलं होतं. गहू काढल्यावर शेतात जी खुंटं उरतात, त्यांना इकडे नरवाई म्हणतात. शेतकरी ती पेटवून मोकळे होतात आणि अर्धं उज्जैन खोकत बसतं. यशोधनचं म्हणणं, नरवाई दाबून तिच्या कांड्या करा, घरच्या चुलीत जाळा, उरतील त्या विका. म्हणणं चांगलं होतं. भोपाळच्या एका संस्थेचे पुरंदरे साहेब मंगळवारी चूल पेटलेली बघणार होते. त्यांना पटलं तर गावात कांड्यांचं यंत्र येणार, नाही पटलं तर यशोधन पुण्याला परत. त्याचे वडील सुधाकरराव बँकेतून निवृत्त झालेले, दूरदृष्टीचे गृहस्थ. त्यांनी मुलाची प्रवासी बॅग माळ्यावर टाकलीच नव्हती, दिवाणखान्यात सोफ्याशेजारी ठेवली होती.

आता, नवी पोती विकत घेणं म्हणजे पर्यावरणाशी बेइमानी. म्हणून यशोधननं नमुन्याच्या कांड्या पशुखाद्याच्या जुन्या पोत्यांत भरून आणल्या होत्या, आणि तो स्वतः दिवसभर गावात चूल बांधत बसला होता.

चंदानं तोंड फिरवल्यावर अक्कांनी ई-रिक्षा बोलावली, दोन्ही पोती चढवली आणि देवास गेट गाठलं.

"बद्रीलाल, हा काय माल दिलास? गाय सूंघून पलट गई."

बद्रीलालनं कांडी मोडून पाहिली. "माताजी, ये माल मेरा है ही नहीं."

"बोरा तुझा नाही? गाय बनी है ना इस पर?"

"गाय तो सबके बोरे पे बनी रहती है."

"मग खात का नाही ती? गाय झूठ बोलते का?"

दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, अक्का काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि उठण्याचं लक्षण नव्हतं. बद्रीलालनं हात जोडले, सरकी आणि गुळाची मळी घातलेल्या वरच्या मालाची दोन पोती रिक्षात ठेवली आणि अक्कांची पोती शेजारच्या पोहेवाल्याकडे ढकलली. "फेंक देना भैया, खराब बांटा है."

नवी पोती पोर्चमध्ये त्याच जागी आली. त्यांच्यावरही गाय होतीच. मंगळवारी सकाळी यशोधननं ती गाडीत टाकली तेव्हा अक्का पूजेला बसल्या होत्या, आणि पूजेत अक्का बोलत नाहीत. एरवी बोलतात, पण नेमकं तेव्हा नाही.

उज्जैनबाहेर, घट्टियाच्या अलीकडच्या त्या गावात कुसुमबाईच्या अंगणात चूल मांडली होती. कुसुमबाईकडे थोडी जमीन होती, एक म्हैस होती आणि साहेबलोकांबद्दल पक्की मतं होती. पुरंदरे साहेब आले, हार झाले, भाषण झालं. यशोधननं पोतं उसवलं आणि कांड्या चुलीत ओतल्या.

चूल अशी पेटली की साहेब एक पाऊल मागे सरले. ज्योत तेलकट, पिवळीधमक, आणि अंगणभर गूळ भाजल्यासारखा दरवळ.

"वाह," साहेब म्हणाले. "यशोधन, तीस वर्षांत असं इंधन पाहिलं नाही मी. हा सुगंध कशाचा?"

"नरवाईचा असावा, सर," यशोधन म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं.

"मातीचा, यशोधन. आपल्या मातीचा."

तेवढ्यात गोठ्यातली म्हैस दावं तोडून आली, माणसांतून वाट काढत सरळ पोत्यापाशी गेली आणि आत तोंड घालून खाऊ लागली. फोटोवाल्यानं तोही फोटो काढला.

"बघा," साहेब भारावून म्हणाले, "मुक्या जनावरालाही शुद्ध वस्तू कळते."

कुसुमबाईनं एक कांडी उचलली, दाताखाली धरली आणि यशोधनच्या कानाशी आली. "भैयाजी, यो तो ढोर को बांटो है."

यशोधन गोठ्याआड गेला आणि घरी फोन लावला.

"अक्का, पोर्चमधली पोती…"

"बदलून आणली मी. तुझं लक्षच नसतं. तो बद्रीलाल बेकार माल देत होता."

"आणि ती आधीची?"

"त्याच्याच माथी मारली. सोडते की काय."

परत आला तेव्हा साहेब गाडीत बसून फोटो भोपाळला पाठवत होते. पोतं आणि म्हैस दोन्ही गोठ्यात गेली होती, कुसुमबाई दार लावून घेत होती. यशोधनला सगळं सांगून टाकायचं होतं, पण दिवाणखान्यातली ती बॅग डोळ्यांसमोर आली आणि तो साहेबांशेजारी जाऊन बसला. निदान खऱ्या कांड्या हाती लागल्या तर साहेबांना त्या पेटवून दाखवता येतील, असं त्यानं ठरवलं.

"सर, देवास गेटला जरा थांबू?"

"थांबू की. उज्जैनला येऊन पोहे न खाता जायचं का?"

पोहेवाल्याच्या कढईखाली भट्टी मस्त चालली होती. धूर नाही, राख जेमतेम, आच एकसारखी. शेजारी गाईच्या चित्राचं एक पोतं रिकामं पडलं होतं, दुसरं अर्धं झालं होतं. यशोधन बघतच राहिला. महिनाभर ज्यासाठी झटला ते समोर जळत होतं, आणि झकास जळत होतं.

साहेबांनीही पाहिलं. "भैया, ये क्या जला रहे हो?"

"खराब बांटा है साब. गाय नहीं खाती, पर जलता क्या बढ़िया है. और मिले तो रोज लूँ."

साहेबांचा घास हातातच राहिला. "यशोधन, बघतोयस? जनावरांच्या तोंडचा घास हे लोक भट्टीत घालतात. मी आजच वर लिहितो. हे बंद झालं पाहिजे."

आता मात्र यशोधनला राहवेना. "सर, हा बांटा नाही. हेच आपलं इंधन आहे. सकाळी जाळलं तो बांटा होता." आणि त्यानं चंदापासून बद्रीलालपर्यंत सगळं सांगितलं. पुण्याचं तिकीट काढायला लागणार हे गृहीत धरूनच सांगितलं, त्यामुळे काही गाळलं नाही.

साहेब पोह्यांवरची शेव बाजूला काढत बसले.

"तीस वर्षांत असं इंधन पाहिलं नाही, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो ना?"

"म्हणालात, सर."

"फोटो गेले, माझा अभिप्रायही गेला. वरून शाबासकी पण येऊन गेली." त्यांनी प्लेट खाली ठेवली. "म्हणजे सकाळचं तेच इंधन. हे भट्टीतलं मी पाहिलेलं नाही. तू पण पाहिलेलं नाहीस."

"पण सर, त्यात सरकी आहे, मळी आहे."

"मग यंत्रात सरकी घाल, मळी घाल. दर्जा मात्र सकाळचाच पाहिजे. अपनी इज्जत का सवाल है."

पावसाळ्याआधी गावात यंत्र आलं. यशोधन त्याच्यावर मुख्य म्हणून नेमला गेला आणि सुधाकररावांनी बॅग माळ्यावर टाकली. यंत्रातून नमुन्याबरहुकूम सरकी-मळीच्या कांड्या पडू लागल्या. कुसुमबाईच्या म्हशीनं दूध वाढवलं, मग गावातल्या सगळ्याच म्हशींनी वाढवलं. गावातल्या चुली धूरमुक्त झाल्या असा अहवाल गेला. त्यात खोटं काही नव्हतं, कारण त्या नव्या चुली कोणी पेटवतच नव्हतं. यंत्र रिकामं असेल तेव्हा यशोधन त्यातून नरवाईच्या कांड्या काढायचा आणि पोहेवाल्याला द्यायचा. पुरंदरे साहेबांनी त्या पाहिलेल्या नसल्यामुळे त्यांना कोणाची मंजुरी लागली नाही. त्या वर्षी गावात नरवाई कोणी पेटवली नाही, आणि या एका गोष्टीचा यशोधनला मनापासून आनंद झाला.

एका सकाळी यंत्रावरचं एक पोतं घरी आलं. नवं कोरं, वर ज्वाळेचं चित्र आणि ठळक अक्षरांत 'मान्यताप्राप्त पर्यायी इंधन'. अक्कांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, एकदा फसल्या होत्या म्हणून पोतं चंदापासून लांब, पायरीवर नेऊन ठेवलं आणि पूजेला बसल्या.

पूजा आटोपून बाहेर आल्या तर फाटक उघडं, पोतं फाटलेलं, आणि चंदा पायरी चाटत होती.

"यशोधन," अक्का घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अरे, चंदा तुझं सगळं इंधन खाऊन बसली. काही होणार तर नाही ना तिला?"

"काही नाही अक्का," यशोधन म्हणाला. "दूध वाढेल."