कैफियत दहिवलीकर इंदूबाईसाहेबांच्या कंबरेची

श्री गजानन समर्थ. श्रीकुलस्वामिनी पाठीशी असो आणि पाठीतही असो.

मौजे दहिवली, तालुका कर्जत, येथील इंदूबाईसाहेब यांणी आपले कंबरेचे दुखणे सरकारदरबारी खरे करोन दाखविले, त्या मोहिमेची हकीकत जैसी घडली तैसी येथे लिहिली असे. लिहिणाराने पदरचे मीठ घातले नाही. तिखट आढळल्यास ते मूळचेच जाणावे. वाचणाराने पाठ ताठ ठेवोन वाचावे, आणि ज्यांस ते साधत नसेल त्यांणी खुशाल उशी घ्यावी.

तर इंदूबाईसाहेब म्हणजे वये चौपन्न, बोलण्यात गोड आणि मनाने बहुत मानी. एकोणीस वर्षे गावचे शाळेत खिचडीचे मुदपाकखान्यावर त्यांचा अंमल होता, अडीचशे पोरांचे पोटांवर त्यांची हुकूमत चाले. पातेले ऐसे की दोघींणी धरावे. परंतु एके दिवशी दुसरी बाई रजेवर गेली, आणि पोरे तो पंगतीस बसोन ताटे वाजवू लागली, मग बाईसाहेबांणी एकटीनेच पातेले उचलिले आणि ओल्या पायरीवर पाय सरकला. पातेले सांडले नाही. हे मुद्दाम नमूद केले पाहिजे की खिचडीचे एक शीतही भुईवर पडले नाही; सारा भार मणक्यांणी सोसला.

तेच दिवशी चौथे-पाचवे मणक्याचे खिंडीत सणकोजीराव नामे गनीम उतरला आणि त्याणे तेथे ठाणे बांधिले. मागाहोन त्याचा मेहुणा मुंग्याराव डावे मांडीवाटे खाली उतरला आणि टाचेपावेतो मुलूख बळकावोन बसला, ऐसा की चालता चालता डावे पाऊल भुईस घासो लागले. बाईसाहेबांणी मलम, शेक, पट्टा, मालीश, नेरळचा हाडवैद्य, ऐशा फौजा एकामागून एक रवाना केल्या. काही चार दिवस लढल्या, काही वेशीवरोनच परतल्या. शाळेचे काम सुटले, आणि ऐसी सात वर्षे गेली.

या गनिमाची मोठी लबाडी ही, की तो कोणास दिसेना. हात मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर डोळे लाल दिसतात. सणकोजीराव चामडीचे आत दडलेला. आळीतील बाया आपसांत म्हणत की इंदू तर धडधाकट दिसते. आणि खरे लिहावयाचे तर या कामी बाईसाहेब स्वतःच गनिमास फितूर होत्या. त्यांचा शिरस्ता ऐसा की वाण्यापासोन विहिणीपावेतो कोणीही "कशी हायस गं?" म्हणोन पुसिले, की मुखातून "बरं हाय" ऐसे निघोन जाई, मग आत रणकंदन का माजले असेना.

या घरची सून रिया, भिसेगावची लेक, कर्जत स्टेशनाजवळ ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात काम करी. सारा दिवस लोकांचे दाखले काढोन तिला सरकारी कागदांचे डावपेच मुखोद्गत जाहले होते. तिणे मसलत मांडिली की दिव्यांग प्रमाणपत्र मिळवावे. शंभरांत चाळीस टक्के भरले म्हणजे दरमहा सरकारी मदतीस आणि एसटीचे सवलतीस हक्क सांगता येतो. बाईसाहेबांस हा किताब मुळीच रुचला नाही.

"मी काय लंगडी हाय गं?" ऐसे त्यांणी विचारिले.

"आई, तुमचा पाय घासतो ना, त्याचा आवाज मी रोज ऐकते," सून म्हणाली.

यावर बाईसाहेब कढी ढवळू लागल्या, आणि तीच संमती ऐसे समजोन मोहीम सुरू जाहली.

प्रथम अर्ज. अर्ज भरता भरता सरकारातून सहा आकड्यांची परवल, म्हणजे ओटीपी, यावयाची आणि तिचे आयुष्य दहा मिनिटांचे. ती परवल येई जितेशरावांचे मोबाइलवर. जितेशराव म्हणजे बाईसाहेबांचे चिरंजीव आणि रियाचे यजमान, ते खोपोलीकडे कारखान्यात ड्युटीवर, आणि मोबाइल लॉकरमध्ये कैद. परवल आली, दहा मिनिटे वाट पाहोन मेली. ऐशा तीन परवली एका दिवसात धारातीर्थी पडल्या. मग रविवारी जितेशरावांस खुर्चीवर बसवोन, हलू न देता, अर्ज सिद्धीस नेला.

पुढे तपासणीची तारीख आली. बाईसाहेबांणी मोरपंखी साडी नेसोन, अबोलीचा गजरा माळोन आणि मुखास पावडर लावोन तयारी केली, कारण की सरकारापुढे गबाळे जाणे त्यांस ठाऊक नव्हते. आणि निघण्यापूर्वी दुखण्याच्या दोन गोळ्या गुपचूप घेतल्या, हेतू हा की चारचौघांत पाय घासोन शोभा होऊ नये. रोहिदास रिक्षावाल्याने दवाखान्याचे दारी उतरविले. आत माणसांचा समुद्र. डॉक्टरसाहेब सकाळपासोन मान मोडोन लिहीत होते, त्यांणी लिहिता लिहिताच पुसिले की मावशी काय होतंय.

"बरं हाय, देवाच्या कृपेनं," बाईसाहेब वदल्या. आणि वर डॉक्टरसाहेबांसच विचारते जाहल्या की तुम्ही जेवलात का.

रियाने पुढे होऊन पाय, मणका, सात वर्षे, ऐसे सांगो पाहिले, परंतु वेळ निघोन गेली होती. बाईसाहेब गोळ्यांचे बळावर खोलीचे या टोकापासोन त्या टोकापावेतो ताठ चालोन दाखवित्या जाहल्या. पंधरा दिवसांणी निकाल आला: अठरा टक्के. ऐसा दहिवलीकरांचा प्रथम रणी सपशेल मोड जाहला.

रिया दोन दिवस सासूशी बोलली नाही. तिसरे दिवशी स्वयंपाकघरात भडका उडाला, की खोटं बोला असं मी म्हणत नाही, पण खरं तरी बोला. तेव्हां बाईसाहेबांणी हातातील विळी बाजूस सारोन जबाब दिला तो ऐसा:

"दुखणं चारचौघांत मांडून बसायला ती काय भाजी हाय? आज मांडलं, उद्या लोक भाव करतील."

हे बोलणे खरेच होते, आणि अठरा टक्क्यांणी तो भाव केलाही होता. परंतु रियाने हार मानिली नाही. फेरतपासणीचा अर्ज ठोकला आणि घरात कवायत चालू केली. जितेशरावांचा चष्मा नाकावर चढवोन ती स्वतः डॉक्टर जाहली, हातोडीचे जागी भातवाढणे घेतले, आणि रोज जेवणानंतर सासूस समोर बसवोन पुसू लागली की बोला मावशी, काय त्रास. पहिले दिवशी बाईसाहेबांणी डॉक्टरास चहा विचारिला. दुसरे दिवशी हसे आवरेना. तिसरे दिवशी "थोडं दुखतं" इतका मुलूख दिला. चौथे दिवशी तोही मुलूख परत मागोन घेतला, आणि कवायत मोडली.

फेरतपासणीचे शिबिर खालापूर तालुक्यात एका शाळेत मुक्रर जाहले. निघण्यापूर्वी सुनेने फर्मान काढिले: पावडर नाही, मोरपंखी नाही, आणि गोळी तर बिलकूल नाही. गजऱ्यावर मात्र बाईसाहेब अडोन बसल्या, मग गजऱ्यापुरता तह जाहला. रोहिदासाची रिक्षा चौक गावाचे वाटेने कूच करती जाहली. रोहिदास खड्डा आला की आगाऊ वर्दी देई, "मावशी, धरा, मोठा हाय!" आणि वर्दी पोहोचण्याआधी खड्डा पोहोचे. गोळीची ढाल नसल्याकारणे सणकोजीराव मोकळा सुटला. खालापुरी उतरतेवेळी बाईसाहेबांचे ओठ पांढरे पडले होते, तरी रोहिदासास त्यांणी गाडी चांगली चालविलीस ऐसी शाबासकी दिली.

टोकन मिळाले एकसष्ट. शाळेचे व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सारी सेना बसलेली. एक तास गेला, दुसरा गेला. बाईसाहेब कधी उजव्या बाजूवर, कधी डाव्या, कधी खुर्चीची कड धरोन अर्ध्या उभ्या, आणि मुखावर हसू तैसेच. त्यांचे शेजारी जना नामे एक बाई, डोंगरपायथ्याचे वाडीवरोन आलेली, खुब्याचे हाड झिजलेले. ती पोत्याचे बारदान अंथरोन भिंतीकडेस चक्क आडवी पडली होती, आणि पडल्या पडल्या दातांस मिसरी लावीत सारे शिबिर न्याहाळीत होती. तिणे बाईसाहेबांची ती घालमेल बराच वेळ पाहिली, मग म्हणाली:

"दुखतंय ना? मंग पड की. खुर्ची काय औषध हाय?"

"इतक्या लोकांत?"

"लोकांची काय कंबर हाय का ती? ये, सरकते मी."

बाईसाहेबांणी एकवार सभोवार पाहिले. शाळेचे फळ्याखाली मास्तर, दारात शिपाई, ओळखीचा एक पोस्टमन. आणि मग ज्या बाईने एकोणीस वर्षे अडीचशे पानांवर वाढिले आणि चारचौघांत कधी पाठ टेकविली नव्हती, ती हळूहळू भिंतीस धरोन खाली आली आणि बारदानावर, पायांचे रांगेत, परक्या बाईचे शेजारी आडवी जाहली. गजरा चुरगळला. डोळे मिटले, आणि डोळ्यांचे कोपऱ्यातून पाणी कानापर्यंत गेले. कोणी काही म्हणाले नाही. पोस्टमनाने तर खुर्ची मोकळी झाली म्हणोन ती लगबगीने घेतली.

दरम्यान जनाचे अर्जावर फोटो नाही ऐसे निघाले. रियाने जनाचा फोटो मोबाइलवर काढोन, जवळचे स्टुडिओतून छापोन आणोन, डिंकाने चिकटविला. जना आत गेली आणि पंचावन्न टक्के घेऊन बाहेर आली.

मग एकसष्टचा पुकारा जाहला. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, आवाजाने दमलेल्या. त्यांणी कसे आहात ऐसे विचारिलेच नाही. त्यांणी विचारिले ते ऐसे:

"सकाळी जाग आल्यावर न्हाणीपर्यंत कशा जाता?"

या प्रश्नाची कवायत जाहली नव्हती. रिया बोलावयास गेली, तीस डॉक्टरीणबाईंणी हाताने थांबविले.

"रांगत," बाईसाहेब म्हणाल्या.

"रोज?"

"रोजच. पहाटे उठते, सून उठायच्या आत. भिंतीला टेकून बसते जरा. मंग हातावर जाते. न्हाणीचं दार धरलं की उभं राहता येतं. घर जागं होईस्तोवर मी उभी असते, चहा ठेवलेला असतो. कुणाला काय कळत नाय."

येथे लिहिणाराचा बोरू थोडका थांबला. कारण की रिया सहा वर्षे ऐसे समजोन होती की सासू पहाटे उठते ती सुनेस आळशी ठरवावयास, आणि माहेरी जाऊन तिणे या पहाटेच्या चहाबद्दल दोन-चार वेळा तक्रारही नोंदविली होती. ती भिंतीस लागोन उभी होती, तेथेच राहिली.

पुढे तपासणी रीतीप्रमाणे जाहली. हातोडी, टाचणी, पाय उचला, अंगठा वर करा. अंगठा वर होईना. एमआरआयची फिल्म खिडकीचे उजेडात धरोन डॉक्टरीणबाईंणी बराच वेळ पाहिली. पाऊल किती उचलते आणि पाठ किती वाकते याची मोजदाद जाहली, आणि शिबिराचे दप्तरी आकडा चढला: बेचाळीस टक्के.

परतीचे वाटेवर चौक गाव मागे पडले तेव्हां सून म्हणाली, "उद्यापासून मला हाक मारायची."

"तुला हाक ऐकू येते होय? ढोल वाजवला तरी नाय उठत तू."

"मग लाथ मारा."

"अगं, लाथ मारायला पाय उचलाय नको का?"

यावर दोघींस ऐसे हसे फुटले की रोहिदासाने मागे वळोन पाहिले आणि खड्ड्याची वर्दी द्यावयाची राहिली. मग जो खड्डा आला, त्याणे बाईसाहेब "आई गं!" ऐशा मोठ्याने ओरडल्या. रियाने त्यांचा हात धरिला, तो घरापावेतो सोडिला नाही.

इतर मोहिमांत गनिमाकडील मुलूख घेतला म्हणजे नौबत वाजते. या मोहिमेत शंभर हिश्श्यांपैकी बेचाळीस हिस्से गनिमाने घेतले, हे सरकारने शिक्क्यानिशी कबूल केले, म्हणोन पेढे वाटिले. सणकोजीराव ठाण्यावर कायम आहे. कागद दाखविला तरी तो हटत नाही.

कार्ड हाती आले आणि सवलत लागू जाहली, तेव्हां बाईसाहेब एकट्या एसटीने खालापुरास धाकट्या बहिणीकडे निघाल्या. दोन वर्षे तिचे घरी जाणे जाहले नव्हते. बसमध्ये दिव्यांगांचे राखीव आसनावर एक सद्गृहस्थ ऐसपैस बसलेले. बाईसाहेबांणी कार्ड पुढे केले. गृहस्थाने ते वाचोन, आपादमस्तक पाहोन, शंका काढिली की दिसत तर काही नाही.

"दिसत नाय," बाईसाहेब म्हणाल्या. "दुखतंय. उठा."

गृहस्थ उठावयास गेला तो गुडघ्याने कटकन् आवाज दिला, आणि त्याचा चेहरा ऐसा वाकडा जाहला की बाईसाहेबांस ती मुद्रा तत्काळ ओळखू आली.

"किती वर्षं झाली?" त्यांणी पुसिले.

"चार," तो म्हणाला. "पण घरी कोणाला सांगितलं नाही."

तेव्हां बाईसाहेबांणी खिडकीकडे सरकोन, हुजुरातून मिळविलेल्या त्या आसनाचा निम्मा मुलूख त्यास जागीच तोडोन दिला, आणि खालापूर येईपावेतो फॉर्म कोठे भरावा, परवल कोणाचे मोबाइलवर मागवावी, आणि डॉक्टरापुढे कोणता शब्द चुकोनही उच्चारू नये, याचा उपदेश केला.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्षातील दुसरा गुरुवार. मोहीम फत्ते जाहली, बेचाळीस टक्के दप्तरी दाखल, एक आसन काबीज आणि त्यावर माणसे दोन. लेखन पुरे.