गोळीला रविवारची सुट्टी

आमच्या शेजारच्या गांगुर्डे बाई रोज सकाळी आठ वाजता गोळ्यांची हजेरी घेतात. दार उघडं ठेवून, खणखणीत आवाजात. "रक्तदाब?" असं विचारायचं, आपणच "हजर" म्हणायचं, गोळी गिळायची आणि वहीत खूण करायची. मग "युरिक अॅसिड?" पुन्हा आपणच "हजर". आमच्या घरातलं घड्याळ बंद पडून तीन महिने झाले, पण आमचं काही अडलेलं नाही.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण शाळा काही त्यांच्यातून गेली नाही. नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत त्या सगळ्यांना आडनाव आधी लावून हाक मारतात. मी वैशाली पगारे, पण त्यांच्या तोंडी "पगारे वैशाली". आमचा दूधवालाही हल्ली बेल न वाजवता दारात उभा राहून "हजर बाई" म्हणतो. कुणाला काहीही समजावून सांगितलं की शेवट ठरलेला असतो. "समजलं? नसेल समजलं तर विचारा. विचारायला लाजू नका."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा एका दिवसात लालबुंद होऊन टम्म सुजला. पंख्याचा वारासुद्धा त्यावर सोसवेना. डॉक्टर म्हणाले, गाऊट, रक्तातलं युरिक अॅसिड वाढून सांध्यात साचलंय. सूज उतरल्यावर त्यांनी युरिक अॅसिडची गोळी लहान डोसात सुरू केली आणि रक्त तपासत तपासत हळूहळू वाढवली. दुखत नसलं तरी रोज घ्यायची, दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, आणि अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. बाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि निघताना डॉक्टरांना अक्षर सुधारायला सांगितलं. तेव्हापासून आंघोळ झाली की त्या स्वतःचेच हात पुढे करून उलटसुलट तपासतात आणि स्वतःलाच सांगतात, "स्वच्छ आहेत. जा, बसा जागेवर."

एवढी कडक बाई! त्यामुळे एकदा सहज ती वही चाळली आणि मी चाटच पडले. दर रविवारी युरिक अॅसिडपुढे लाल शाईत लिहिलेलं होतं, "सुट्टी".

"बाई, हे काय?"

"रविवारी शाळा असते का, पगारे?"

"अहो, पण ही गोळी आहे!"

"सहा दिवस राबल्यावर पोरांनाही सुट्टी लागते. तिला नको?"

मी पोट धरून हसले आणि सोसायटीभर सांगत सुटले. हसण्याऐवजी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. रविवारी पहाटेच हजेरी उरकून बाई पिशवी घेऊन कुठे जातात, हेही मी कधी विचारलं नाही. यंदाचा मे महिना तर अख्खा "उन्हाळी सुट्टी"त गेला. बाई तेव्हा महिनाभर गावाकडे होत्या. जूनमध्ये शाळा उघडल्या तशी बाईंनी गोळीही उघडली, आपल्या मनाने, एकदम पूर्वीच्याच डोसात. त्याच आठवड्यात शनिवारी अंगठा पुन्हा पेटला.

रविवारी सकाळी बघते तर बाई उंबऱ्यात बसून सुजलेला पाय चपलेत कोंबत होत्या. डोळ्यांना धारा लागलेल्या.

"हरसूलला जायचंय गं. हिराबाई स्टँडवर येऊन बसते. तिच्याकडे फोन नाही. मी नाही गेले तर शेवटच्या गाडीपर्यंत तिथेच बसून राहील."

मग सगळं कळलं. बाईंची पहिली नेमणूक हरसूलकडची. एकवीस वर्षांची पोर, रोज संध्याकाळी घरच्या आठवणीने रडायची. शाळेत झाडलोट करणाऱ्या हिराबाईने तिला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. आता हिराबाईला नीट दिसत नाही, घरात दुसरं कुणी नाही. निवृत्त झाल्यापासून बाई दर रविवारी तिची वेणी घालायला जातात.

"मग जा की. पण गोळीला सुट्टी कशाला?"

बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "गोळी घेतली की पाणी प्यायला हवं. पाणी पिऊन एसटीत अडीच तास कसं बसायचं बाईमाणसाने? म्हणून पाणी नाही, तर गोळीही नाही. आणि मे महिन्यात मी तिच्याकडेच राहते, तेव्हा ती डोक्यावरून हंडा आणते. त्यातलं तीन लिटर मी एकटीने प्यायचं?"

"डॉक्टरांना विचारायचं ना!"

"पुरुषमाणसाला? हे?"

साऱ्या जगाला विचारायला लाजू नका म्हणणारी ही बाई! मला राग आला आणि रडूही आलं. मीच डॉक्टरांना फोन लावून सगळं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "गोळी सकाळीच घ्यायला हवी असं थोडंच आहे? रोज रात्री जेवणानंतर घ्या. प्रवासात पाणी कमी झालं तर घरी येऊन प्या. पण मनाने बंद करायची नाही आणि मनाने सुरूही करायची नाही." आमचे हे बाईंना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी दुखण्यासाठी वेगळी गोळी दिली आणि ही पुन्हा लहान डोसापासून लावून दिली. मी बाईंची पिशवी घेऊन हरसूलची गाडी धरली. पिशवीत खोबरेल तेल, फणी आणि खारीचा पुडा होता.

स्टँडवर एक म्हातारी गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसली होती. मी तिची वेणी घातली, माझ्या हाताला जमली तशी, आणि सगळं सांगितलं.

"तिला सांग," ती म्हणाली, "हंडा माझा हाय. त्यातलं कोणी प्यायचं ते मी ठरवीन. अन् गोळी सोडून आली तर मी स्टँडवर यायची नाय. लय शहाणी झाली!"

संध्याकाळी मी हा निरोप शब्दशः बाईंना सांगितला. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. त्यांना असं रागावणारं जगात एकच माणूस उरलंय, हे मला तेव्हा कळलं.

जेवण झालं. बाईंनी वही उघडली, रविवारपुढची "सुट्टी" खोडली आणि गोळी तळहातावर घेतली.

"युरिक अॅसिड?"

नेहमीचं उत्तर आलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आजवर या घरात प्रश्नही त्यांचाच असायचा आणि उत्तरही त्यांचंच.

मी म्हणाले, "हजर, बाई."