परबकाकांची पाण्यावरची गाडी

परबकाका घरी आले की त्यांना पाणी देताना मी दहा वेळा विचार करते. कारण ते पाणी पीत नाहीत. आधी पेला उजेडाकडे धरतात, मग नाकाशी नेतात, जिभेच्या टोकाला एक थेंब लावतात आणि बहुतेक वेळा मान हलवून म्हणतात, "आज पाण्यात दम नाय." दम असलाच तर खिशातून बाटली निघते, पेला तीत रिकामा होतो आणि काका तुरुतुरु जिना उतरून खाली जातात. ते पाणी त्यांना गाडीत ओतायचं असतं. रेडिएटरमध्ये नव्हे हो, पेट्रोलच्या ऐवजी!

आमची इमारत परळला. चार मजले, पुढे बोळाएवढं अंगण, आणि पहाटे सव्वा तास पाणी. ज्या इमारतीत पावणेसातला नळ नुसता फुसफुसतो, तिथे एका गृहस्थाने पाण्यावर गाडी चालवायची हौस धरावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

काका बस डेपोच्या वर्कशॉपमधले निवृत्त फिटर. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मूलबाळ नाही, काकू जाऊन अकरा वर्षं झाली. काकूंचे दिवस झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी अंगणातल्या जुन्या क्रीम रंगाच्या गाडीची टाकी रिकामी केली आणि जाहीर केलं की आता हिच्या तोंडाला पेट्रोल लागणार नाही. पुढच्या सीटखाली एक स्टीलचा डबा आला. डब्यात पाणी, पाण्यात एकात एक बसवलेल्या वाट्या, वाट्यांना बॅटरीच्या तारा, आणि झाकणातून निघालेली नळी थेट इंजिनात. बॅटरीने पाण्याचा गॅस करायचा, गॅसवर इंजिन चालायचं, इंजिनाने बॅटरी भरायची. "झाला की नाय चक्र पुरा?" काका विचारत.

मी दादरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे. पाणी म्हणजे आधीच जळून झालेली वस्तू, त्याचा गॅस करायला जेवढी शक्ती लागते त्याहून जास्त परत मिळत नाही, हे मी त्यांना फळ्यावर काढून दाखवलं आहे. त्यांनी चष्मा पुसून सगळं मन लावून वाचलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा पुस्तक बरोबर आसा. पण ता स्वस्थ बसलेल्या पाण्याबद्दल आसा."

माझ्या वर्गातली मुलं निदान परीक्षेला तरी घाबरतात.

या संशोधनात त्यांचे भागीदार म्हणजे शिवडीचे साळवी. जन्म गोदीत गेलेला माणूस, दर रविवारी पिशवीत सुटे भाग घेऊन हजर. वाट्याही त्यांच्याच घरच्या. साळवीवहिनींना त्याचा पत्ता लागला तो श्रीखंडाच्या दिवशी. दोघांकडे मोबाइलवर एक व्हिडिओ आहे. कुठल्याशा परदेशातला एक टकलू गाडीत बाटलीभर पाणी ओततो, काहीतरी बोलतो, हसतो आणि भुर्रकन निघून जातो. त्याची भाषा दोघांनाही येत नाही. काकांचं म्हणणं, सगळं गुपित त्या शेवटच्या वाक्यात आहे.

मधल्या काळात शिवाजी पार्कचं पाणी झालं, माहीमचं झालं, साळवींनी शिवडीहून आणलेलं झालं. एकदा दोघांनी सोडा ओतला. "गॅस आधीच आसा, आपला अर्धा काम झाला," असा त्यामागचा विचार. त्या रविवारी बॉनेटखालून एवढा फेस आला की खालच्या मजल्यावरच्या मुलांनी त्यात हात धुतले. पण काकांनी हार मानलेली मी कधी पाहिली नाही. प्रत्येक फजितीनंतर ते वाकून आत बघणार, हात पुसणार आणि म्हणणार, "सगळा बरोबर आसा. वायसर चुकलो."

संध्याकाळी गाडीशेजारी स्टूल टाकून ते बसत. कामावरून परतणारा प्रत्येक जण जिन्याकडे वळण्याआधी तिथे थांबे. "काय काका, पेटलं का पाणी?" काका नवा वायसर दाखवत, बघणारा हसे, काकाही हसत. मीही हसले आहे. अगदी पोट धरून.

आणि मग यंदा आमचे सेक्रेटरी महाडिक यांनी जिन्यात नोटीस लावली. अंगणात फक्त चालू गाड्या राहतील, बंद गाड्या सोमवारी भंगारात. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी नऊला, प्रत्येकाने आपली गाडी फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत चालवून दाखवायची. महाडिक नियमाचे भारी पक्के. माझ्या तुळशीची कुंडीसुद्धा त्यांनी मोजपट्टी लावून हलवली होती. तरी त्यांनीच काकांना हळूच सुचवलं, "काका, लिटरभर पेट्रोल टाका. एकदा फिरवा. मी चालू लिहितो, विषय संपला."

"पेट्रोलवर कोणाची पण चालता," काका म्हणाले. "तेका चालू म्हणत नाय."

त्या आठवड्यात काका जेवले की नाही देव जाणे. इंजिन त्यांनी अकरा वर्षं देवाच्या भांड्यांसारखं लख्ख ठेवलं होतं, तेलपाणी चुकवलं नव्हतं. आता फक्त पाण्याने पेटायचं होतं, आणि ते पेटणार नव्हतं. सोमवारी तिथे गाडी नसेल आणि गाडीशिवाय ते स्टूलही नसेल, हे मनात आलं की मला शिकवताना सुचेनासं झालं.

म्हणून रविवारी सकाळी सातला, सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मी माझ्या स्कूटरमध्ये नळी घालून तोंडाने बाटलीभर पेट्रोल ओढलं. एक घोट पोटातही गेला. काका गाडीत पुढे बसून डॅशबोर्डखाली खुडबुड करत होते. मी गाऊन आवरत ओणव्याने मागे गेले, टाकीचं झाकण उघडलं, बाटली उपडी केली आणि तशीच पळाले.

नऊ वाजता सगळी इमारत गॅलऱ्यांत उभी होती. साळवींनी नारळ फोडला. डब्यातलं पाणी बुडबुडायला लागलं. काकांनी किल्ली फिरवली. एकदा नुसती खाकरली, दोनदा खाकरली, तिसऱ्यांदा गाडी गरजली! भिंतीपर्यंत गेली, मागे आली, पुन्हा गेली. शिट्ट्या, टाळ्या, नुसता धुमाकूळ. आणि सगळ्या अंगणात पेट्रोलचा असा वास सुटला की विचारू नका.

"पाणी जळलं की असाच वास येतो," साळवी घाईघाईने म्हणाले.

"येतो, येतो," महाडिक वहीत मान घालून म्हणाले.

माझ्याकडे सगळे बघायला लागले. मी केमिस्ट्रीची बाई. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली.

संध्याकाळी खाली गेले तर काका गाडीतच बसलेले. मला वाटलं होतं पेढे वाटत फिरतील. मी दार उघडून शेजारी बसले. कबूल करून टाकायचं ठरवलं होतं, पण तेच म्हणाले, "बाई, झाकण नीट लावलात नाय तुमी."

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"किल्ली चालू होती," त्यांनी डॅशबोर्डकडे बोट केलं. "ह्यो पेट्रोलचो काटो. अकरा वर्सां खाली पडलेलो. सकाळी सहाक साळवी मागून इलो आणि काटो जरासो हललो. साडेसहाक महाडिक."

"महाडिक?"

"आरशात दिसता मा सगळा. सातांक तुमी."

"मग काका, तुम्ही उतरला का नाहीत? तुमचा नेम मोडला ना."

काकांनी समोरचा आरसा सरळ केला. म्हणाले, "उतरत होतंय. पयल्यांदा काटो हललो तेवा दार पण उघडलंय. वर खोलीत कोण येणा नाय, बाई. हय येतत ते हसूक येतत. गाडी भंगारात गेली तर सगळ्यांका बरा वाटात, असा माका वाटलेला." त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ नसताना पुसली. "मगे म्हटलंय, बसूया. आणखी कोण येता ता बघूया."

माझे डोळे भरून आले. मी किती हसले होते त्या बॉनेटच्या फेसाला.

त्यांनी किल्ली अर्धी फिरवली. काटा थरथरत वर आला आणि तिथेच राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"ह्या पेट्रोल सगळा काढून टाकूक व्हया," काका म्हणाले. "पण आज नको."