शाऊलकाकांची मुकी अरबी

आमचे शेजारी शाऊलकाका अरबीचे गाढे पंडित आहेत, पण त्यांना अरबीत साधा पाव मागता येत नाही. इथे श्रूजबरीत एका सीरियन माणसाची बेकरी आहे. तो काकांना अदबीनं अरबीत काहीबाही विचारतो. काका इंग्लिशमध्ये पाव घेतात आणि गाडीत बसल्यावर त्याच्या वाक्याचं व्याकरण मला घर येईपर्यंत समजावतात. मी सिग्नलकडे बघत हं हं करते.

काका ज्यू शाळेत अरबी शिकवायचे. त्यांच्या गुरूंचे गुरू जर्मनीतले ज्यू पंडित. त्यांना अरबी हवी होती ती जुने ग्रंथ वाचायला आणि हिब्रूशी ताडून बघायला, बोलणार कुणाशी? तीच पद्धत पुढे शाळांत उतरली. "आधी धातू, मग गप्पा," असं काका मुलांना बजावायचे. गप्पांची पाळी येईपर्यंत मुलं शाळा सोडून गेलेली असायची. पण मी कोणत्या तोंडानं हसू? संस्कृतात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मी, संस्कृतात पाणी मागायची वेळ आली तर तहानेनं मरेन.

यंदा काकांचीच परीक्षा निघाली. त्यांची आई मूळची बगदादची, नव्वदी ओलांडलेली, नर्सिंग होममध्ये असते. स्ट्रोकनंतर आजींचं इंग्लिश पुसलं गेलं आणि बगदादची घरगुती अरबी तेवढी उरली. लहानपणी त्या अरबीत बोलायच्या तेव्हा काका मित्रांसमोर लाजून इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. माझा मुलगा आजही माझ्या मराठीला तेच करतो.

काकांना एकट्यानं जायचं धाडस होईना, म्हणून मी ड्राइव्ह केलं. निघण्याआधी आमच्याकडे त्यांनी चांगली तीन थालीपीठं हाणली. वाटभर आजींना म्हणायचं अरबी वाक्य घोटलं. आजींसमोर ताठ उभं राहून ते ग्रंथातल्यासारखं, बातम्या वाचतात तसं निर्दोष म्हणून दाखवलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नर्सला खूण केली, की तो रेडिओ बंद कर.

काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग आजींनी त्यांना काहीतरी विचारलं. काका घुटमळले, आणि एकच शब्द बोलले. लगेच आजी ट्रेमधलं आपलं पुडिंग चमच्यानं त्यांना भरवायला लागल्या.

परतताना मी विचारलं, आजी काय म्हणाल्या?

"जेवलास का, म्हणाली. मी नाही म्हटलं."

"काका, अहो, तीन थालीपीठं खाल्लीत!"

"हो म्हटलं असतं तर बोलणं तिथंच संपलं असतं," काका म्हणाले.