बोर्डाखालची खुर्ची

सासूबाईंनी गुडघ्यावर शेकायचं पॅड ठेवलं, बटण दाबलं आणि घर अंधारात गेलं. या आठवड्यातली ही पाचवी वेळ. दवाखान्यात मलमपट्टी करणारा त्यांचा जावई, ज्याला सगळे ड्रेसरच म्हणत, नुकताच कामावरून आला होता. एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच, असा तो मीटरपाशी गेला आणि त्याने पडलेला खटका वर केला.

"आई, परत पॅड लावलंत?"

"गुडघा दुखतो हो, जावईबापू. लोड वाढतो हे त्याला कसं सांगू?"

दिवसभर चाळीस जखमा धुतलेल्या माणसात वाद घालायची ताकद उरत नाही, नियम करण्यापुरती मात्र उरते. पॅड चालू असेल तर पंखा बंद, पंखा चालू असेल तर इस्त्री बंद, आणि मिक्सर लावण्याआधी ओरडून सगळ्यांना सांगायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

"त्यापेक्षा वायरमन बोलवा ना," बायको म्हणाली.

"तो येऊन काय सांगणार? लोड जास्त आहे. ते मी सांगतोच आहे."

हे सांगून सांगून बायको आता दमली होती.

दोन दिवस नियमाने बरे गेले. तिसऱ्या दिवशी एकटा पंखा चालू असतानाच खटका पडला. ड्रेसरने तरीही पॅडकडेच पाहिलं. सासूबाईंनी मुकाट्याने पॅडची वायर गुंडाळली.

"रविवारी मोठीकडे जाते," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे माझ्यामुळे दिवे जात नाहीत."

तेव्हापासून बायको नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली. ड्रेसरला खरोखर वाईट वाटत होतं. आमटी खारट झाली की सासूबाईच लेकीला सुनवायच्या, त्याला तोंड उघडावं लागत नसे. त्या गेल्या तर या घरात त्याच्या बाजूने बोलणारं कोणी उरणार नव्हतं. पण माफी मागायची, तर आधी आपलं काय चुकलंय ते कळायला हवं.

शनिवारी तो घरी आला तेव्हा सासूबाई स्विचबोर्डाखाली खुर्ची ओढून, गुडघा भिंतीला टेकवून डोळे मिटून बसल्या होत्या. चेहऱ्यावर कमालीचं समाधान होतं.

"इथे का बसलात?"

"इथली भिंत छान गरम असते. दोन दिवस इथेच शेकतेय. पॅडची गरजच नाही."

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने भिंतीला हात लावला, बोर्डाजवळ नाक नेलं, आईला खुर्चीसकट मागे ओढलं आणि मेन स्विच बंद केला. मग नवऱ्याकडे न बघता तिने वायरमनला फोन लावला.

रविवारी सकाळी वायरमन आला तेव्हा सासूबाईंची भरलेली बॅग दाराशीच होती. त्याच्या अंगठ्याला काळी टेप गुंडाळलेली होती. ड्रेसरची नजर आधी तिथे गेली.

"हे काय?"

"परवा कापलं जरा."

"म्हणून वायरची टेप? आत पू होईल. अहो, आपल्या मनाने काही करायचं नसतं. माहीतगार माणसाकडे जायचं. बसा इथे."

त्याने टेप सोडवली, जखम धुतली, पांढरी चिकटपट्टी लावली आणि सवयीप्रमाणे तिच्यावर पेनाने तारीख घातली. तारीख घातली की पेशंटला 'कालच तर बांधली' अशी थाप मारता येत नाही. सबंध आठवड्यात त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

वायरमनने मेन बंद असल्याची खात्री केली, बोर्ड उघडला आणि आत बघत राहिला. मग त्याने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग पुन्हा आत.

"पॅडमुळेच ना?" ड्रेसरने विचारलं.

"पॅड? ते पंख्याएवढीच वीज खातं. इथे जॉइंट ढिला आहे. तापून तापून वायर जळलीय. अजून आठवडा गेला असता तर सगळं घर शेकलं असतं."

त्याने पक्कडीने जळका तुकडा कापून बाहेर काढला. पीळ देऊन जोडलेल्या दोन वायरी, त्यांच्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी, कडेने करपलेली. मधोमध निळ्या पेनाने तारीख घातली होती, नऊ वर्षांपूर्वीची.

"अक्षर ओळखीचं आहे," बायको म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा मागवून घेतला आणि तारीख नीट वाचली.

"मी या घरात येऊन दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार अशी काही नव्हती.

ड्रेसरला सगळं आठवलं. तेव्हाही बायको वायरमनला बोलवा म्हणाली होती, आणि याच्या खिशात पट्टीचं रीळ होतं. वायरमन नवी वायर घालत असताना तो दाराशी गेला, बॅग उचलली आणि आत नेऊन कपाटावर ठेवली.

"आई, चुकलं माझं."

काम झालं, मेन सुरू झाला, तशी सासूबाईंनी पॅडची गुंडाळी सोडली आणि बटण दाबलं. दिवा तसाच राहिला, पंखाही फिरत राहिला. त्यांनी पॅड गुडघ्यावर नीट बसवलं.

"जावईबापू, पट्टी किती दिवसांनी बदलायची असते हो?"

"तिसऱ्या दिवशी," ड्रेसर जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग मी मंगळवारी दवाखान्यात येतो," वायरमन अंगठा न्याहाळत म्हणाला. "आपल्या मनाने काही करत नाही."